छोट्याचा कंठ फुटला तेव्हा : संगीत नाटकातल्या एका बालनटाचं प्रकरण

हे एका मुलाचं प्रकरण आहे. त्याला आणि त्याच्या आईला विचारूनच लिहितेय, पण दोघांनीही नाव नको म्हटलं. मंडळीत सगळे त्याला छोट्या म्हणायचे, आज तो पाच फूट नऊ इंच झालाय तरी छोट्याच म्हणतात, म्हणून मीही तेच वापरते. मी दादरला गाणं शिकवते आणि बावीस वर्षं झाली, संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करते. म्हणजे या प्रकरणात मी नुसती बघणारी नव्हते, जे चुकलं त्यातलं बरंच माझ्याच बोटांखाली चुकलंय. लहान मुलांना स्टेजवर गायला उभं करणाऱ्या आईवडिलांनी, मास्तरांनी आणि निर्मात्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

छोट्या २००५ चा. लालबागची चाळ, वडील बेस्टमध्ये कंडक्टर, आई घरून डबे करून द्यायची. घरात गाणं असं नाही, पण आजोबा वारकरी, भजनाला बसायचे, त्यांच्या मांडीवर बसून पोरगा अभंग उचलायचा. सात वर्षांचा असताना मंडळाच्या स्टेजवर गायला, ते माझ्या एका विद्यार्थिनीने ऐकलं आणि त्याला माझ्याकडे घेऊन आली. काळी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरून, सूर दिला तर हा सरळ तार षड्जावर, वरच्या सा वर, जाऊन उभा राहिला, तोंड वाकडं नाही, मान ताठ नाही, काही नाही. अशी मुलं मी आयुष्यात चार-पाचच बघितलीत.

२०१४ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, एका नव्या संगीत नाटकात त्याला घेतलं. संस्था आणि नाटक दोन्हीची नावं लिहीत नाही. तीन अंक, मुलाला तीन पदं, त्यातलं तिसऱ्या अंकातलं आईबरोबरचं म्हणजे नायिकेबरोबरचं, आणि नाटकाचा सगळा कळस त्याच पदावर. पहिल्या प्रयोगाला पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात त्या पदाला वन्स मोअर आला. नऊ वर्षांच्या मुलाला वन्स मोअर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्याला वाटलं काहीतरी चुकलं म्हणून परत म्हणायला सांगतायत, त्याने माझ्याकडे घाबरून बघितलं, मी मान हलवली, आणि तो परत गायला, पहिल्यापेक्षा चांगलं. पुढे अकराव्या वर्षी त्याच मंडळींनी सौभद्र हे जुनं संगीत नाटक केलं त्यात नारद मिळाला. चार वर्षांत दीडशेच्या वर प्रयोग. शाळा सांभाळून, शनिवार-रविवार, कधी मधला गुरुवार.

सुरुवातीलाच त्याच्या वडिलांनी मला एक प्रश्न विचारला होता. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाहेर उभे होतो, ते ड्युटीवरून तसेच खाकीत आले होते, म्हणाले, ‘ताई, आत्ता सगळं छान आहे, पण पुढे काय? मोठा झाल्यावर याचं काय होणार?’ मी त्यांना केशवराव भोसल्यांची गोष्ट सांगितली. कोल्हापूरचा मुलगा, जन्म १८९० चा, अगदी लहान वयात नाटक कंपनीत गेला, पोरवयातच शारदा नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजला, आवाज बदलल्यावरही संपला नाही, उलट पुरुष भूमिका करायला लागला, १९०८ मध्ये म्हणजे विशीही नाही तर स्वतःची ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली. आणि इथे आपल्या मुंबईत, ८ जुलै १९२१ ला, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान केलं, हे धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, आजही जुनी माणसं त्या प्रयोगाचं नाव काढतात. वडील ऐकून खूश झाले. मीही खूश झाले, मोठं उदाहरण दिलं म्हणून.

पण मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. त्या काळातली मुलं कंपनीतच राहायची. जेवण तिथे, झोप तिथे, तालीम तिथे, गावोगाव कंपनीबरोबर बिऱ्हाड. ते काही सुखाचं नव्हतं, आईबापांपासून तोडलेली मुलं ती, शाळा नाही, मास्तरांचा मार, आणि कंपनीने सगळ्यांनाच सांभाळलं असेल असंही नाही. पण एक होतं, मुलाचा कंठ फुटला तरी तो संध्याकाळी त्याच पंगतीत बसायचा. रोज गाणं कानावर पडत होतं, मोठ्या नटांचं बघत होता, दोन वर्षांनी आवाज बसला की मास्तर परत सूर लावून घ्यायचे. बालमोहन नाटक मंडळी तर मुलांचीच होती, सौदागर गोरे तिथे दहाएक वर्षांचे असताना आले आणि तिथेच वाढत छोटा गंधर्व झाले. आमच्या छोट्याला काय होतं? नाईट होती. प्रयोग झाला की पाकीट, प्रयोग नाही तर काही नाही. उद्यापासून तू नाहीस म्हटलं की संपलं, सोमवारी शाळा. हा फरक मला तेव्हा कळला नाही, कळायला प्रकरण व्हावं लागलं.

२०१८ च्या जानेवारीपासून खुणा दिसत होत्या. मी ऑर्गनवर बसते तिथून नटाची हनुवटी बरोबर दिसते. ज्या मुलाची हनुवटी तार षड्जाला जागची हलायची नाही, तो ती वर उचलायला लागला. हे एक लक्षात ठेवा, मुलगा वरच्या सुराला हनुवटी वर करून, मानेच्या शिरा ताणून जायला लागला की तो सूर आता त्याचा राहिलेला नाही, तो उधार आणतोय. मग ओळीच्या मधे श्वास घ्यायला लागला, जिथे आधी कधी घेतला नव्हता. सकाळी फोनवर आवाज जाड. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन इंच वाढला, धोतर वर जायला लागलं.

मी काय केलं तर स्केल, म्हणजे गाण्याची पट्टी, उतरवलं. काळी पाचवरून काळी चार. दिग्दर्शकांना सांगितलं नाही, फक्त तबलजी काकांना सांगितलं कारण त्यांना सांगावंच लागतं, काळी पाचचा तबला वेगळा, लहान तोंडाचा, तो काळी चारला आणला तर पिचकतो, दुसरा आणावा लागतो. ते गुपचूप दुसरा तबला घेऊन यायला लागले. प्रेक्षकांना कळलं नाही, छोट्याला बरं वाटलं, चार महिने निघाले. मे महिन्यात काळी चारही जड व्हायला लागलं तेव्हा मात्र लपवता येईना, कारण तिसऱ्या अंकातलं पद दोघांचं. नायिका काळी चारला गाते. काळी तीनला उतरलो तर तिचा खालचा पंचम, म्हणजे प, लागेना, तिचं पद पडायचं. मधेच स्केल बदललं तर पदाची मजा जाते आणि साथीदारांची तारांबळ. तालमीत यावर वाद झाला, दिग्दर्शक म्हणाले हे वर्ष ढकलू या, पुढच्या वर्षी दुसरा मुलगा बघू. मी हो म्हटलं. वर्ष ढकलू या हे तीन शब्द आहेत, पण तेरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात वर्ष असं ढकलता येत नाही.

जूनमध्ये मुलुंडला ९८ वं नाट्यसंमेलन होतं, कीर्ती शिलेदार अध्यक्ष. मी छोट्याला मुद्दाम घेऊन गेले होते, म्हटलं बघ, यांनीही लहानपणीच सुरुवात केली, आईवडिलांच्या, जयराम आणि जयमाला शिलेदारांच्या नाटकातून. येताना ट्रेनमध्ये तो म्हणाला, ‘ताई, पण त्या मुलगी होत्या ना, त्यांचा आवाज असा फाटला नसेल.’ तेव्हा मला कळलं की याला सगळं कळतंय, आपणच कळत नसल्यासारखं करतोय. आणि बरोबर होतं त्याचं. मुलींचाही आवाज वयात येताना उतरतो, पण दोन-तीन स्वर. मुलांचा जवळजवळ अख्खं सप्तक खाली येतो.

जुलैमधला शनिवार. गिरगावात साहित्य संघाच्या नाट्यगृहात रात्रीचा प्रयोग, बाहेर धो धो पाऊस, तरी हॉल बऱ्यापैकी भरलेला. पहिले दोन अंक गेले. तिसऱ्या अंकातलं पद सुरू झालं, नायिकेने धरलं, मग याची ओळ. वर जाण्याच्या आधीच त्याची हनुवटी उचलली गेलेली मी बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. षड्जावर आवाज दुभंगला. एका वेळी दोन आवाज आले, एक वरचा, शिट्टीसारखा, आणि एक खालचा, आणि मग वरचा गेला आणि खालचाच राहिला. आठ वर्षांच्या मुलाच्या कपड्यात उभा असलेला हा, कपाळावर गंध, आणि गळ्यातून पुरुषाचा आवाज. मागच्या रांगांमधून दोघं-तिघं हसले. कुणीतरी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्या हसण्यापेक्षा वाईट लागल्या त्याला, हे त्याने मला नंतर सांगितलं. मी त्याची ओळ ऑर्गनवर पूर्ण केली, नायिकेने पुढची ओळ उचलली, त्याला जवळ ओढलं, डोक्यावर हात ठेवला जसं काही ते बसवलेलंच होतं, आणि पद पुरं झालं. तिचे माझ्यावर तेव्हापासून उपकार आहेत.

प्रयोगानंतर मेकपरूममध्ये छोट्या आरशासमोर बसून उपरण्याची घडी घालत होता. घडी घालायची, उलगडायची, परत घालायची. कुणी काही बोललं नाही. डब्याची पिशवी घेऊन आई दारात उभी. मी जवळ गेले तर तो एवढंच म्हणाला, ‘उद्या पण आहे ना?’

उद्या पण होता. दादरला दुपारी चारचा प्रयोग, तिकिटं गेलेली, बदली मुलगा तयार नाही. संस्थेचा रात्री बाराला फोन, ताई कसंही करून काढा. आणि या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक इथे झाली, आवाज फाटला ती चूक नव्हती, तो निसर्ग आहे. चूक ही की मी सकाळी त्याला घरी बोलावलं आणि चोरट्या आवाजात वरचे सूर कसे काढायचे ते शिकवलं. म्हणजे छातीतून न लावता, गळा आवळून, बारीक, पोकळ आवाजात. ते जमतं. म्हणूनच धोक्याचं आहे, कारण ऐकणाऱ्याला चालतं. दुपारचा प्रयोग निघाला. मग पुढच्या शनिवारचा. तीन आठवड्यांत सहा प्रयोग असे काढले आम्ही. सहाव्यानंतर त्याचा बोलण्याचाही आवाज गेला आणि परत येईना, दहा दिवस झाले तरी घोगरा.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बिणीने बघितलं आणि आम्हाला स्क्रीनवर दाखवलं, आईला, मला आणि त्याला स्वतःला. स्वरतंतूंच्या कडा सुजून लाल, आणि बोलताना दोन्ही तंतू मागच्या बाजूला नीट मिटतच नव्हते, बारीक फट राहत होती. डॉक्टर म्हणाले ती फट या वयात बऱ्याच मुलांना असते, स्वरयंत्र भराभर वाढतं, तंतू लांब आणि जाड होतात, पण त्यांना हलवणारे स्नायू मागे पडतात, त्यांना वेळ लागतो. नवीन मोठे बूट घातले की पोरगं अडखळतं तसं. फट तिच्या वेळेने जाईल. सूज मात्र तुमची आहे, ती ताणून आलीय, अजून गाठी नाहीत पण असंच चाललं असतं तर झाल्या असत्या. दोन आठवडे बोलणं शक्य तेवढं बंद, गाणं पूर्ण बंद, नंतर स्पीच थेरपी.

मी विचारलं, ज्येष्ठमध चालू आहे, खडीसाखर, हळद-दूध, ते ठेवू का? म्हणाले ठेवा, घशाला बरं वाटतं, पण गिळलेली गोष्ट अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना लागतच नाही, लागली तर ठसका लागेल. वाफ लागते, कारण ती श्वासातून जाते. पाणी प्यायला द्या. खाकरायला देऊ नका, खाकरताना तंतू एकमेकांवर आपटतात. आणि कुजबुजून बोलणं म्हणजे विश्रांती नाही, त्यात गळा जास्त आवळला जातो. इतकी वर्षं गाण्यात काढून यातलं निम्मं मला माहीत नव्हतं, आम्ही सगळे प्रयोगाच्या दिवशी कुजबुजूनच बोलतो.

नाटक थांबलं नाही, नऊ वर्षांची एक मुलगी घेतली. तिची पदं बसवायला संस्थेने छोट्यालाच सांगितलं, त्याच्यासारखं कुणाला येत होतं? माझ्याच घरी बसवली. तो बोलून नाही, पाटीवर लिहून आणि बोटांनी लय दाखवून शिकवायचा, गाण्याला बंदी होती ना. मला ते बघवत नव्हतं पण त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. कपडेही त्याचेच, तिला आत टाके घालून लहान केले. आईने सांगितलं की शेवटच्या दिवशी मुलगी टाके घातलेलं ते अंगरखं घालून दाखवायला आली तेव्हा त्याने स्वतः खांद्यावरची टाचणी काढून नीट लावली आणि मग बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास बाहेर आला नाही.

आता पैशाबद्दल लिहिते, कारण यावर कुणी बोलत नाही. सुरुवातीला नाईट चारशे, शेवटी दीड हजार. रोख, पाकिटात, आईच्या हातात. आईने त्यातून गाण्याची फी, रिक्षा-टॅक्सी, शाळेची फी आणि घरचंही भागवलं, मी तिला दोष देत नाही, लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत ते पैसे दिसायचे. पण चार वर्षांनी शिल्लक काय, तर अकरा हजार रुपये आणि एक बाजाची पेटी. तोपर्यंत कायदा आला होता. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात चौदाखालच्या मुलाला कलाकार म्हणून काम करायला अटी घालून मुभा दिली, आणि २०१७ च्या नियमांत त्या अटी आल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मधे विश्रांती. सलग सत्तावीस दिवसांच्या वर नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस. मुलाच्या मर्जीविरुद्ध नाही. आणि मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत, सज्ञान झाल्यावर त्याला. शिवाय कार्यक्रम ज्या जिल्ह्यात त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची परवानगी. मुंबईतच दोन जिल्हे, म्हणजे दादर-गिरगाव शहरात, पार्ला-बोरिवली-मुलुंड उपनगरात, आणि गडकरी रंगायतन ठाण्यात.

आमच्या संस्थेत यातलं काहीच झालं नव्हतं, आणि वाईट हेतूने नाही, कुणाला माहीतच नव्हतं, सगळ्यांना वाटायचं हे सिरियल आणि सिनेमावाल्यांसाठी आहे. मी नंतर बसून हिशोब केला. रात्री साडेआठचा प्रयोग, कलाकारांना सहाला बोलावतात, मेकप, सूर लावणं, तीन अंक, मधली दोन मध्यंतरं, सुटायला पावणेबारा. पावणेसहा तास झाले. म्हणजे एक साधा प्रयोगसुद्धा पाच तासांत बसत नाही. रविवारी चार आणि साडेआठ असे दोन असतील तर दुपारी दोनपासून रात्री पावणेबारापर्यंत, जवळजवळ दहा तास. संगीत नाटकात लहान मूल घ्यायचं तर त्याला उशिरा बोलवा, पहिल्या अंकात नसेल तर अजून उशिरा, दोन प्रयोगांच्या दिवशी दोन मुलं ठेवा. दोन मुलं ठेवली असती तर त्या रविवारी चारचा प्रयोग दुसऱ्याने काढला असता. इतकं सोपं होतं ते.

पुढचे अठरा महिने मी एक वही घातली. दर रविवारी सकाळी दहाला, पाच मिनिटं, जास्त नाही. आजचा सगळ्यात खालचा आरामात लागणारा सूर, सगळ्यात वरचा आरामात लागणारा सूर, आणि मधे कुठे तुटतो ते. गायचं नाही, नुसता आकार, हळू. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याला धड पाचच सूर होते. पाच! दोन सप्तकं फिरणाऱ्या मुलाला पाच. एका रविवारी वही बघून म्हणाला, ‘ताई, हे तर हार्मोनियमवर एका हाताची बोटं.’ आणि मग त्या पाच सुरांतच आम्ही पलटे, म्हणजे सुरांची उलटसुलट फिरवाफिरव, केले, म्हटलं भूप रागालाही पाचच लागतात. नोव्हेंबरमध्ये सात झाले, मधे एकदा परत सहा. एप्रिल २०१९ ला दहा. तुटण्याची जागा वर सरकत गेली. त्याच दिवसांत तबलजी काका त्याला तबला शिकवायला लागले, फी न घेता, म्हणाले, पोराच्या हातात लय आहे, गळा बसेपर्यंत हात चालू दे. मला वाटतं त्याला नाटकात धरून ठेवलं ते माझ्या वहीने नाही, काकांच्या तबल्याने. २०१९ च्या दिवाळीपर्यंत आवाज काळी एकला बसला, भरीव, थोडा खरखरीत, खाली सुंदर. वरचा पूर्वीचा नाही आणि तो येणारही नव्हता.

इथे सगळं ठीक झालं असं लिहिता आलं असतं. पण मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद झाली, नोव्हेंबरमध्ये अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, परत बंद, मग ऑक्टोबर २०२१. त्याची दहावी त्याच गोंधळात, परीक्षाच झाली नाही. आणि या काळात त्याने गाणं सोडलं. भांडून नाही, आवाजाचा त्रास होता म्हणूनही नाही. ऑनलाइन क्लासला यायचा, कॅमेरा बंद ठेवायचा, मग यायचा बंद झाला. मी फोन केला तर म्हणाला, ‘मला जो आवाज ऐकू येतो तो माझा वाटत नाही.’ सोळा वर्षांचा होता. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. त्याचं नऊ ते तेरा वयातलं सगळं कौतुक एका आवाजाचं होतं आणि तो आवाज मेला होता, याचा शोक कुणी केलाच नव्हता त्याच्याबरोबर, आम्ही सगळे नवा आवाज बसवण्याच्या मागे. आज असं प्रकरण आलं तर मी वहीच्या आधी समुपदेशकाकडे नेईन.

दोन वर्षं तो गायला नाही. माटुंग्याच्या कॉलेजात गेला, एकांकिकांना तबला वाजवायचा, पार्श्वसंगीत करायचा, रात्रभर तालमी, सगळं जग असतं तसं. २०२३ मध्ये त्यांच्या एका एकांकिकेत विंगेतून एक अभंग हवा होता, गाणारा मुलगा आजारी पडला, आणि हा विंगेत उभा राहून गायला. प्रेक्षकांना दिसत नव्हता, मला वाटतं म्हणूनच गाऊ शकला. आजोबांचा अभंग होता, काळी एकला. मित्राने मोबाईलवर घेतलेलं मला पाठवलं, मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं.

आता तो वीस वर्षांचा आहे. अंधेरीला डबिंगचं काम करतो, तो खरखरीत आवाज तिथे चालतो, उलट मागणी आहे. नाटकात तबल्याला जातो, मधूनमधून गातो. मोठा गायक नट होईल का? मला नाही वाटत आणि त्यालाही नाही वाटत, आम्ही दोघं हे मोकळेपणी बोलतो. त्याच्या घरी यावर दोन मतं आहेत. वडील म्हणतात सुरुवातच करायला नको होती, पोराचं लहानपण गेलं आणि हातात काही आलं नाही. आई म्हणते ती चार वर्षं काढून घेतली तर त्याच्याजवळ राहतं काय, आयुष्यात एवढा आनंदी तो परत दिसला नाही. मला दोघांचं पटतं, पण विचाराल तर मी आईच्या बाजूची. सुरू करणं चुकलं नव्हतं. थांबवायचं कधी, कसं, आणि थांबल्यावर मुलगा कुठे बसणार, हे पहिल्या तालमीच्या आधी कागदावर लिहिलं नाही, ते चुकलं. हनुवटी उचलली त्या दिवशी, म्हणजे जानेवारीतच, दुसरं मूल तयारीला घ्यायला हवं होतं, आणि छोट्याला पदाशिवायची भूमिका द्यायला हवी होती त्याच नाटकात, तिसऱ्या अंकात एक पोरगा निरोप घेऊन येतो, ती दिली असती तरी तो त्या पंगतीत राहिला असता.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक नवं संगीत नाटक आलं, त्यात दोन मुलगे. दोन घेतले, आळीपाळीने प्रयोग. मी होकार देताना एकच अट घातली की मुलांची जबाबदारी छोट्याकडे द्यायची, आणि निर्माते ऐकणारे होते. परवानगीचे कागद तो करतो, मुलांना बोलवायची वेळ तो ठरवतो, आणि वीस टक्के बँकेत गेल्याची पावती बघितल्याशिवाय पाकिटाला हात लावू देत नाही कुणाला. दर रविवारी दहाला दोघांना पाच मिनिटं बसवतो. माझीच जुनी वही आहे ती, मागची कोरी पानं उरली होती.

परवाच्या रविवारी मी त्यात डोकावले. मोठ्या मुलाच्या नावापुढे, बारा वर्षांचा आहे तो, छोट्याने लिहिलं होतं : वरचा सूर मागच्या आठवड्याएवढाच, पण हनुवटी. त्याच्या खाली तबलजी काकांसाठी एक ओळ, पुढच्या प्रयोगापासून काळी चारचा तबला आणा.